वादळ, पूर व दरड : कर्जत-खालापूर तालुक्यांतील गावांची पूर्वतयारी

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे चक्रीवादळ हा अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथील लोकांच्या चिंतेचा विषय होय, आपला नव्हे, अशी समजूत या भागातील पुष्कळ गावांत आढळते. ही समजूत बरोबर नाही. समुद्रावर उत्पन्न होणारे वादळ व मोसमी वारे यांचा जोर किनाऱ्यावर संपत नाही. वारा खाड्यांच्या वाटेने आत शिरतो, ढग सह्याद्रीच्या कड्यास अडतात आणि त्यांतील पाणी कड्याखालील गावांवर रिते होते. किनाऱ्यावरील गावास उधाणाचे भय असते, तर कड्याखालील गावास वारा, पूर व दरड अशी तीन भये असतात. या तिन्हींना तोंड देण्याची तयारी पावसाळ्यात करता येत नाही. ती वैशाख-ज्येष्ठाच्या कोरड्या दिवसांतच करावी लागते.

या मुलुखाची रचना

पूर्वेस राजमाची, ढाक व भीमाशंकरकडील सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस माथेरान-प्रबळगडाचा डोंगर आणि मधे भातशेतीची सखल पट्टी, अशी या भागाची ठेवण आहे. राजमाचीच्या बाजूस उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, नेरळवरून उत्तरेस वाहत जाऊन वसईच्या खाडीस मिळते. खालापूर तालुक्यातील पाताळगंगा खोपोलीवरून पश्चिमेस रसायनीकडे जाते व धरमतरच्या खाडीत रिकामी होते. म्हणजे या दोन तालुक्यांवर पडलेले पाणी अखेर दोन खाड्यांनीच समुद्रास जाते. मोठी भरती व मोठा पाऊस एकाच वेळी आला, तर खाडीलगतच्या पट्ट्यात पाण्याचा निचरा मंदावतो आणि पेण तालुक्यासारख्या खारभूमीच्या प्रदेशात ते दीर्घकाळ साचते. डोंगरावरून सुटलेले पाणी व माती यांचा भार खालच्या गावांनाही सोसावा लागतो.

कर्जतच्या सपाटीवर वर्षाला साधारण ३,००० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. माथेरानवर तो याहून पुष्कळ अधिक असतो. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १०,००० लिटर पाणी पडले असा हिशेब होतो. एकाच दिवसात एवढे पाणी आल्यास ते कोठून वाहून जाणार, याचा विचार प्रत्येक वाडीने स्वतःपुरता केलेला असला पाहिजे.

अलीकडच्या वर्षांतील अनुभव

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वादळ तेथे न थांबता ईशान्येस पुणे जिल्ह्याकडे सरकले. रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि आंबा, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढील वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर वर गेले. त्यापूर्वी ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ कोकणात आले, तेव्हा भाताच्या कापणी-झोडणीचे दिवस होते. वादळ पावसाळ्याच्या आधी येते तसे पावसाळ्यानंतरही येते, हे त्यावरून ध्यानात यावे.

पुराचा अनुभवही ताजा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि संपूर्ण उत्तर कोकणात हाहाकार उडाला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचे पाणी रुळांवर आल्याने बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, आणि सुमारे १,०५० प्रवाशांना सोडविण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलास व नौदलास धाव घ्यावी लागली. ते पाणी कर्जत तालुक्यातूनच खाली उतरले होते.

सर्वांत मोठा घाला खालापूर तालुक्यावर पडला. १९ जुलै २०२३ रोजी रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडी या ठाकूर समाजाच्या वाडीवर डोंगराचा भाग कोसळला. त्या तीन दिवसांत तेथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने विधानसभेत सांगितले. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा शोध लागला नाही. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. त्यामुळे मदत करणाऱ्यांना अंधारात, चिखलात डोंगर चढून जावे लागले व माती हातांनी उपसावी लागली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती.

या शेवटच्या गोष्टीचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने करावयास हवा. यादी उपयुक्त असते. परंतु गावाचे नाव यादीत नाही एवढ्यावरून गाव सुरक्षित आहे असे ठरत नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी व महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी हेच घडले. म्हणून यादीची वाट न पाहता गावाने आपला डोंगर व आपला ओढा स्वतः पाहिला पाहिजे.

पाऊस असा का वागतो

हवा एक अंश सेल्सियसने तापली, तर तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत तापले आहे. त्यामुळे वाऱ्याबरोबर येणारे बाष्प वाढते व तीव्र वादळांनाही अधिक बळ मिळते. मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतितीव्र पावसाच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. पाऊस एकूण किती झाला, यापेक्षा तो किती थोड्या वेळात झाला, हा प्रश्न आता महत्त्वाचा झाला आहे. वडीलधाऱ्यांच्या आठवणीत ओढ्याचे पाणी जेथवर आले होते, त्याच्या वर ते येणार नाही, असे यापुढे गृहीत धरून चालणार नाही.

पाऊस गावातच मोजावा

पर्जन्यमापक तालुक्याच्या वा मंडळाच्या ठिकाणी असतो. डोंगराजवळच्या वाडीवर याहून दुप्पट पाऊस पडलेला असू शकतो. यासाठी वाडीत साधे मोजमाप ठेवावे. सपाट बुडाचा व सरळ कडांचा, तळाशी व तोंडाशी सारख्याच रुंदीचा डबा उघड्यावर, झाडापासून व छपरापासून दूर, दगडांत घट्ट बसवून ठेवावा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातील पाण्याची खोली पट्टीने मोजावी. जितके मिलिमीटर खोली, तितके मिलिमीटर पाऊस. आकडा वहीत लिहून डबा रिकामा करावा. हे काम शाळेतील मोठी मुलेही चांगले करू शकतात.

वहीत दिवसाच्या आकड्याशेजारी मागील तीन दिवसांची बेरीजही लिहावी. महसूल खात्याच्या हिशेबी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. कर्जत-खालापुरास आषाढात असा दिवस नवा नाही. परंतु मुरलेल्या जमिनीवर असे दिवस लागोपाठ आले, म्हणजे धोका वाढतो. हवामान खाते २०४.५ मिलिमीटर व त्याहून अधिक पावसास सर्वांत वरच्या वर्गात टाकते. बेरीज चढत असेल व पाऊस थांबण्याचे चिन्ह नसेल, तर डोंगरउतारावरील घरांनी रात्र पडण्यापूर्वीच खाली यावे.

डोंगरउताराची पाहणी

सह्याद्रीचा काळा पाषाण टणक असला, तरी त्याच्यावर व कड्याच्या पायथ्याशी झिजलेल्या दगडमातीचा जाड थर असतो. सततच्या पावसाने हा थर तुडुंब भरला, म्हणजे मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि सारा थर खालच्या खडकावरून घसरतो. तो घसरण्यापूर्वी बहुधा काही खुणा दिसतात. प्रत्येक वाडीतील दोन-तीन जाणत्या माणसांनी मे महिन्यात एकदा, व पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. उतारावर वा घराच्या जोत्यात नव्याने पडलेल्या भेगा, व पूर्वीच्या भेगांची रुंदी वाढणे.
२. झाडे, विजेचे खांब किंवा कुंपण एका बाजूस कलणे.
३. घराची दारे-खिडक्या एकाएकी न लागणे वा अडकणे.
४. नव्या जागी झरा फुटणे, अथवा जुन्या झऱ्याचे पाणी गढूळ होणे.
५. भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे. वर माती कोसळून प्रवाह तुंबल्याचे हे लक्षण असू शकते.
६. डोंगरातून घरघर ऐकू येणे, लहान दगड घरंगळत येणे.

भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंटी ठोकून त्यांमधील अंतर वहीत लिहून ठेवावे. अंतर वाढल्यास ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) व पोलीस पाटील यांच्यामार्फत तहसीलदारांना लेखी कळवावे व भूवैज्ञानिकांकडून पाहणी मागावी. शेवटच्या दोन खुणा दिसल्या, तर कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता वाडी मोकळी करावी. पळताना उताराच्या दिशेने खाली किंवा ओढ्याच्या पात्रातून न जाता आडव्या दिशेने बाजूस जावे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे अवश्य आहे. माती व पाणी अडविण्यासाठी समतल चर खोदणे हे शेतजमिनीवर हितावह असले, तरी वस्तीच्या वरच्या तीव्र उतारावर असे चर तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून खोदू नयेत. त्यांत साठलेले पाणी मुरून उतार अधिक जड व सैल होतो. तेथे पाणी मुरविण्यापेक्षा वस्तीस वळसा घालून ते बाजूच्या ओढ्यात काढून देणारा चर अधिक उपयोगी असतो. घरासाठी, शेतघरासाठी किंवा रस्त्यासाठी उताराचा पायथा उभा कापणे हेही तितकेच घातक होय. उतारावरील झाडी राखावी व मोकळ्या बांधांवर वाळा व बांबू लावावा.

सूचना मिळाल्यावर कोणी काय करावे

हवामान खाते इशारा रंगांनी देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, तांबडा म्हणजे कृती करा. इशारा आकाशवाणी, दूरदर्शन व भ्रमणध्वनीवर येतो. विजांच्या पूर्वसूचनेसाठी ‘दामिनी’ हे अॅप आहे. परंतु वादळात वीज जाते व भ्रमणध्वनीचे जाळे बंद पडते. तेव्हा दवंडी, देवळाची घंटा, शाळेची घंटा वा हातभोंगा हेच साधन उरते. धोक्याची घंटा कशी वाजवावयाची हे ग्रामसभेत ठरवून लहानथोरांस सांगून ठेवावे.

ग्रामसभेत पुढील कामे नावानिशी वाटून द्यावीत : सूचना पोहोचविणे, वृद्ध, आजारी, अपंग व गरोदर स्त्रिया यांना हलविणे, गुरे सोडणे, निवाऱ्याच्या जागी पाणी, धान्य व दिवे ठेवणे, प्रथमोपचार, आणि हलविलेल्यांची शिरगणती. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांच्याजवळ घरोघरची माहिती असते. तिचा उपयोग करून यादी तयार करावी. जिचे दिवस भरत आले आहेत अशा स्त्रीस, ओढ्यापलीकडची वाट बंद होण्यापूर्वीच कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाजवळ वा नजीकच्या आरोग्य केंद्राजवळ नातलगांकडे पोहोचवावे.

निवाऱ्याची जागा ठरविताना ती पुराच्या पाण्यापासून, उतारापासून व मोठ्या झाडांपासून दूर आहे, छप्पर भक्कम आहे, शौचालय आहे आणि वाटेत ओढा ओलांडावा लागत नाही, हे तपासावे. जूनच्या आरंभी एकदा सर्व वाडीने प्रत्यक्ष चालत तेथे जाऊन किती वेळ लागतो ते पाहावे. वृद्धास अर्धा तास लागत असेल, तर निघण्याची वेळ त्याच्या चालीवरून ठरवावी, तरुणाच्या नव्हे.

साकवावरून वा फरशीवरून पाणी वाहत असताना पलीकडे जाण्याचे धाडस कोणीही करू नये. केवळ १५ सेंटिमीटर खोलीच्या वेगवान पाण्यात धडधाकट माणसाचा तोल जातो, व ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार वाहून जाऊ शकते. नदीकाठच्या गावांनी धरणांतून पाणी सोडण्याच्या सूचनेकडेही लक्ष ठेवावे. खालापूर तालुक्यात मोरबे धरण आहे, आणि घाटावरील धरणांचे पाणी भिवपुरी व खोपोली येथील जलविद्युत केंद्रांमधून या खोऱ्यांत उतरते. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आपत्कालीन साहाय्याचा ११२ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक घरातील भिंतीवर ठळक लिहून ठेवावेत.

घर व गोठा

वारा छपराच्या कडेखाली शिरून ते वर उचलतो. म्हणून पत्रे नुसत्या दगडांनी न दाबता हुकांनी वाशांस घट्ट जखडावेत, आणि वासे आड्यास व भिंतीवरील तुळईस तारेने बांधावेत. वादळात छपरावरचे सुटे दगडच माणसांच्या डोक्यात पडतात. कारवीच्या कुडाच्या घराचे खांब जमिनीत पुरेसे खोल आहेत व कुजलेले नाहीत, हे पाहावे. घरावर झुकलेल्या फांद्या मे महिन्यातच छाटाव्यात. शिधापत्रिका, सातबारा, आधारपत्र व बँकेचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून हाताशी ठेवावे.

पाणी चढू लागताच गुरांची दावी सोडावीत. बांधलेले जनावर गोठ्यातच बुडते, मोकळे केलेले बहुधा उंचवट्यावर जाते. पेंढ्याचा काही साठा उंच जागी वेगळा ठेवावा. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या यांची लस टोचून घ्यावी.

भातशेतीची काळजी

रोपवाटिका सखल जागी न करता निचऱ्याच्या उंच जागेवर गादीवाफ्यावर करावी. रोहिणीत वा मृगात पेरलेल्या रोपांपैकी थोडी रोपे राखीव ठेवावीत, म्हणजे लावणी वाहून गेल्यास गाळे भरता येतात. सारीच रोपे गेल्यास हळव्या जातीचे मोड आलेले बियाणे चिखलणी केलेल्या शेतात पेरण्याची रहू पद्धत हाती राहते. यासाठी घरोघर थोडे बियाणे शिल्लक असावे.

सर्व शेतात एकच जात लावू नये. वरकस व उंच जमिनीत कर्जत-१८४, कर्जत-३ किंवा कर्जत-७ अशा हळव्या जाती, मध्यम जमिनीत कर्जत-५ सारखी निमगरवी, व पाणथळ जमिनीत कर्जत-२ सारखी गरवी जात घेतल्यास साऱ्या पिकाची कापणी एकाच आठवड्यात येत नाही, आणि परतीच्या पावसाचा घाला सर्व पिकावर पडत नाही. हळव्या भातानंतर वालास ओलही चांगली मिळते. या जाती कर्जत येथील प्रादेशिक कृषि संशोधन केंद्राने विकसित केल्या आहेत, व माहितीसाठी ते केंद्र तालुक्यातच आहे.

बांध पावसाआधी दुरुस्त करावेत व प्रत्येक खाचरास दगडांनी बांधलेली सांड ठेवावी. सांड नसली, म्हणजे पाणी बांध फोडून स्वतःची वाट काढते व खालच्या शेतकऱ्याचे शेत गाळाने भरते. मोठ्या पावसाचा इशारा असताना युरिया फेकू नये, तो पाण्याबरोबर जातो. त्याऐवजी युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्यभागी चिखलात खोल दाबल्यास खत वाया जात नाही. पीक बुडाल्यास पाणी ओसरताच सांड उघडून निचरा करावा, आणि रोपे सावरून नवी पाने फुटू लागल्यावर नत्राचा हप्ता द्यावा.

कापणीच्या काळात हवामानाचा अंदाज पाहूनच विळा घालावा. कापलेले भात खाचरात पसरलेले राहू देऊ नये. भारे बांधून उंच जागी उडवी रचावी, तिच्या बुडाशी लाकडे घालावीत व वर प्लॅस्टिकचा कागद दोरीने आवळावा.

आपत्ती ओसरल्यावर

पुरानंतर विहिरीचे पाणी निर्जंतुक केल्यावाचून पिऊ नये. ते उकळून घेणे उत्तम. तुटलेल्या विजेच्या तारांजवळ जाऊ नये. चिखलात काम करताना पायांत बूट घालावेत आणि ताप आल्यास लेप्टोस्पायरोसिसच्या शंकेने त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे. पडझडीची छायाचित्रे साफसफाईपूर्वी घ्यावीत व पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे. पीकविम्याच्या अटी वेळोवेळी बदलतात. त्या वर्षीची मुदत व सूचना देण्याची रीत हंगामाच्या प्रारंभीच गावच्या कृषी अधिकाऱ्याकडून समजून घ्यावी.

कार्यकर्त्यांसाठी टाचण

एप्रिल : वस्ती, उतार, ओढे व साकव यांची पाहणी, धोक्याच्या घरांची यादी.
मे : ग्रामसभेत कामांची वाटणी, छपरे, बांध व गटारे यांची दुरुस्ती, पर्जन्यमापनाचा डबा बसविणे.
जून : निवाऱ्यापर्यंत चालण्याचा सराव, जनावरांची उरलेली लसटोचणी, रोपवाटिका.
जुलै-ऑगस्ट : रोज पावसाची नोंद, उताराच्या खुणा पाहणे, रात्रीची पाळी.
सप्टेंबर-नोव्हेंबर : कापणीचे नियोजन, विजेपासून सावधगिरी, उशिराच्या वादळाकडे लक्ष.

या कामांपैकी बहुतेकांस फारसा पैसा लागत नाही. डबा, वही, पट्टी, दोन खुंट्या, एक घंटा व चार माणसांचे नियमित लक्ष एवढीच सामग्री पुरते. डोंगरावरील वाडीस रात्री मदत पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे इर्शाळवाडीने दाखविले आहे. त्या वेळात वाडीस उपयोगी पडतात ती वाडीतलीच माणसे, आणि त्यांनी आधी ठरवून ठेवलेल्या गोष्टी. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपली सर्वांत उंचावरील व सर्वांत दूरची वाडी निवडावी आणि तयारीचा प्रारंभ तेथून करावा.